भुंगा देठात, फवारा वाऱ्यावर



ऑगस्टचा पंधरवडा उलटला की जिंतूरपासून पालमपर्यंत एकच तक्रार कानावर येते. "सोयाबीनची पाने माना टाकताहेत. दोनदा मारले, तरी चक्री भुंगा आटोपत नाही. औषधच बोगस निघाले." बोगस औषधे बाजारात आहेत आणि त्यांच्याविरुद्ध आपण भांडतोच. पण या तक्रारींपैकी बऱ्याच ठिकाणी डब्यातले औषध खरे असते. ते मारण्याचा दिवस चुकलेला असतो. आणि हा दिवस आपण ठरवलेला नसतो. तो दुकानाच्या काउंटरवर, कंपनीच्या पत्रकावर नाहीतर शेजाऱ्याच्या पंपाच्या आवाजावर ठरलेला असतो.

या बैठकीसमोर आमचे म्हणणे एवढेच आहे. फवारणीचा दिवस ठरवण्याचा हक्क शेतकऱ्याच्या हातात आला पाहिजे. त्यासाठी आपण देठ पाहायला शिकले पाहिजे, आणि सरकारजवळ जी माहिती जमा होते ती वेळेवर गावाच्या फळ्यावर लागली पाहिजे. यातले एक आपल्याकडून व्हायचे आहे आणि दुसरे भांडून घ्यायचे आहे.

आधी भुंग्याचा हिशोब समजून घेऊ

कणगीतला सोंडकिडा आपल्या घरच्या बायकांना चांगला ठाऊक आहे. तो दाण्याला भोक पाडतो, आत अंडे घालतो आणि भोक बुजवतो. अळी दाण्याच्या आत वाढते. वरून दाणा धडधाकट दिसतो, आत पीठ झालेले असते. चक्री भुंगा सोंडकिड्याच्या जातीचा नाही, त्याला सोंड नसते. पण अक्कल तीच, घर करायचे ते पिकाच्या पोटात.

हा भुंगा फिकट तपकिरी असतो, पंखांचा मागचा भाग काळा आणि मिशा लांब. मादी पानाच्या देठावर, फांदीवर किंवा खोडावर एकमेकींपासून साधारण एक-दीड सेंटीमीटरवर दोन गोल खाचा पाडते. म्हणून नाव चक्री भुंगा. त्या दोन खाचांच्या मध्ये ती अंडे घालते. खाचेच्या वरच्या भागाचा अन्नरस तुटतो आणि पान मान टाकते. अंडे तीन-चार दिवसांत, फार तर आठवडाभरात उबते. अळी आधी देठ पोखरते, मग फांदीतून मुख्य खोडात उतरते. पुढे महिना ते दोन महिने ती खोडाच्या आत गाभा खात बसते. पीक पक्व होत आले की जमिनीपासून सुमारे वीतभर उंचीवर ती खोड आतून कातरते. वारा आला की झाड मोडून पडते. काही अळ्यांचे त्याच हंगामात भुंगे होतात. उरलेल्या धसकटात दडून पुढच्या पावसाची वाट पाहतात.

आता विचार करा. फवारा झाडावर बाहेरून पडतो. बाहेर काय असते? भुंगा, आणि त्याने नुकत्याच पाडलेल्या खाचा. औषधाचा खरा घाव बसतो तो उडत्या, बसत्या, अंडी घालत्या भुंग्यावर. आंतरप्रवाही औषध देठातल्या कोवळ्या अळीला काही प्रमाणात गाठते. अळी एकदा खोडाच्या गाभ्यात उतरली की बाहेरून कितीही महाग औषध मारा, ती आत सुरक्षित राहते. म्हणजे आपल्याला मिळणारा वेळ काही दिवसांचा आहे. पेरणीनंतर तीन आठवड्यांपासून पुढे, पीक फुलावर येईपर्यंत, त्या काही दिवसांवर नजर ठेवावी लागते. जे झाड लहान असताना लागते त्याचे नुकसान मोठे. शेंगा भरल्यावर लागलेल्या झाडाचे नुकसान त्यामानाने कमी.

आपण मारतो केव्हा? शेत रस्त्यावरून पिवळे दिसायला लागले की. तोवर अळी खोडात उतरलेली असते. बैल गेला अन् झोपा केला, तशातला हा प्रकार.

दिवस कोण ठरवतो?

दुसरी चूक याच्या उलट आहे. भुंगा शेतात आलेलाच नसतो, पण 'शेड्यूल' आलेले असते. पहिला फवारा विसाव्या दिवशी, दुसरा चाळिसाव्या, तिसरा साठाव्या. तणनाशक मारायचेच आहे तर "काका, त्यात कीटकनाशकही टाकून घ्या, एका मजुरीत दोन कामे होतील." मग त्याच पंपात बुरशीनाशक, त्यातच टॉनिक, त्यातच विद्राव्य खत. पाच डबे एका टाकीत. आम्ही शेतीशास्त्र शिकलो, त्या शास्त्राने असे मिश्रण कधी शिकवले नाही. कोणते औषध कशात मिसळते, कशात फाटते, कशाने पीक करपते, हे तपासल्याशिवाय टाकी भरायची नसते.

आणि हे शेड्यूल आंधळे असते. पेरणी मृगात झाली की जुलैत, पाऊस सलग आहे की खंड पडला, शेजारी काय पीक आहे, यातले त्याला काहीच माहीत नसते. पाथरीचा आणि गंगाखेडचा भुंगा एकाच तारखेला निघेल असे मानणारे वेळापत्रक किडीसाठी लिहिलेले नसते. ते माल उठवण्यासाठी लिहिलेले असते.

दुकानदार आपला वैरी आहे असे आम्ही म्हणत नाही. तो आपल्याच गावचा आहे, पेरणीच्या वेळी उधारी तोच देतो. पण ही उधारीच दिवस ठरवते, हे ओळखा. ज्याच्या वहीत आपले नाव आहे त्याला "आज नको" म्हणायला जीभ रेटत नाही. त्याच्याही डोक्यावर वरून टार्गेट असते. जो विकतो तोच रोगाचे निदान करतो आणि तोच डोस लिहून देतो, ही पद्धत माणसांच्या दवाखान्यात कोणी चालवून घेईल का?

अवेळी मारलेला फवारा नुसता वाया जात नाही, तो उलटतो. ऑगस्टच्या दमट हवेत पांढऱ्या पडून पानाला चिकटून मेलेल्या अळ्या तुमच्यापैकी अनेकांनी पाहिल्या असतील. ती नोमुरिया नावाच्या बुरशीची करामत. पाने खाणाऱ्या अळ्या ती फुकट मारते. पंपात गरज नसताना बुरशीनाशक टाकले की ही मित्रबुरशी आधी मरते. कोळी, ढालकिडे मरतात. आज शेताची राखण करणारे मारले की महिन्याने अळीचा लोंढा येतो, आणि मग आणखी एक डबा. आंधळं दळतं अन् कुत्रं पीठ खातं.

माहिती आहे, पण गावात नाही

२००८ च्या खरिपात विदर्भ-मराठवाड्यात पाने खाणाऱ्या अळीने सोयाबीनचा फडशा पाडला. त्यातून धडा घेऊन राज्य सरकारने २००९-१० पासून कीड-रोग सर्वेक्षण आणि सल्ला प्रकल्प सुरू केला. 'क्रॉपसॅप' या नावाने तो सगळ्यांना माहीत आहे. सोयाबीन, कापूस, तूर, हरभरा या पिकांचे ठरावीक प्लॉट आणि अचानक निवडलेले प्लॉट पाहायचे, किडी मोजायच्या, आकडे वर पाठवायचे आणि विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी सल्ला द्यायचा, अशी ही रचना. कल्पना उत्तम आहे. १९७२ साली परभणीत स्थापन झालेले आपले कृषी विद्यापीठ, जे २०१३ पासून वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ म्हणून ओळखले जाते, ते जिल्ह्याच्याच ठिकाणी आहे.

मग आमचा साधा प्रश्न आहे. तुमच्या गावच्या ग्रामपंचायतीच्या फळ्यावर मागच्या खरिपात चक्री भुंग्याचा आकडा किती वेळा लागला? बैठकीत हात वर करून सांगा. मोजणी आपल्याच शिवारात होते, आकडा वर जातो, आणि खाली येताना वाटेत कुठेतरी बसून राहतो. मोबाईलवर सल्ला येतो तोही संपूर्ण मराठवाड्यासाठी एकच. "प्रादुर्भाव आढळल्यास फवारणी करावी." आढळल्यास म्हणजे किती? कुठे? आज की आठ दिवसांनी?

गावपातळीवर हे काम करणारा कृषी सहायक, ज्याचे पदनाम २०२५ पासून सहायक कृषी अधिकारी झाले, तो तरी काय करील? अनुदानाचे अर्ज, पंचनामे, योजनांची उद्दिष्टे, आणि उरलेल्या वेळात कीड. नाव बदलले म्हणून दिवसाचे तास वाढत नाहीत. त्याच्या नावाने बोटे मोडण्यापेक्षा त्याच्या डोक्यावरचे कागद कमी करा, ही मागणी आपली असली पाहिजे.

आकडा काय सांगतो

विद्यापीठाच्या शिफारशीत चक्री भुंग्याची आर्थिक नुकसानीची पातळी एक मीटर ओळीत सरासरी ३ ते ५ प्रादुर्भावग्रस्त झाडे अशी आहे. ४५ बाय ५ सेंटीमीटरवर पेरलेल्या सोयाबीनमध्ये मीटरभर ओळीत वीसेक झाडे असतात. त्यातली तीन ते पाच. याच्या खाली असेल तर फवाऱ्याचा खर्च वाचलेल्या मालातून भरून निघत नाही.

कोणी विचारील, आणि बरोबरच विचारील, की झाड लागलेले दिसले म्हणजे अंडे तर घातले गेले. मग पातळीची वाट पाहायची म्हणजे भुंग्याला घर बांधू द्यायचे का? याचे उत्तर खाचेच्या वयात आहे. म्हणून आठवड्यातून दोनदा शेतात शिरा. शेतात पाच जागा निवडा, बांधाच्या कडेच्याही आणि मधल्याही. प्रत्येक जागी मीटरभर ओळ मोजा. पाचही जागांची बेरीज पंधरावर गेली की सरासरी तीन भरली. मग खाचा पाहा. खाच ओली-हिरवी, वरचे पान नुकतेच मलूल झालेले, आणि सकाळी पानांवर भुंगे दिसताहेत, तर दोन दिवसांच्या आत फवारा. खाचा वाळून काळ्या पडल्या, देठ चिरून पाहिले तर पोकळ, अळी खाली गेलेली, आणि नवा भुंगा दिसत नाही, तर पंप घरीच ठेवा. त्या दिवशी मारलेल्या औषधाने दुकानाची उलाढाल वाढते, सोयाबीनचा दाणाही वाढत नाही.

पातळीच्या खाली असताना हात बांधून बसायचे नाही. मान टाकलेले पान किंवा फांदी खालच्या खाचेच्या खालून तोडा, पिशवीत घ्या आणि शेताबाहेर नेऊन नष्ट करा. सुरुवातीच्या काळात पंधरवड्यातून एकदा हे केले तरी अंडी आणि कोवळ्या अळ्या शेतातून बाहेर जातात. मजुरी लागते, मान्य. पण ही मजुरी आपल्याच गावच्या घरात जाते.

"हे पुस्तकातले झाले"

अडचणी आम्हांला माहीत आहेत. पहिली, काळी जमीन. झड लागली की आठ-आठ दिवस शेतात पाय घालता येत नाही, आणि नेमका तोच काळ भुंग्याचा. खरी गोष्ट आहे. म्हणून नुसत्या फवाऱ्यावर विसंबू नका. उन्हाळ्यात खोल नांगरट करून धसकटातल्या अळ्या उघड्यावर आणा. पुरेसा पाऊस झाल्याशिवाय पेरण्याची घाई करू नका. बियाणे दाट टाकू नका आणि युरियाचा मारा करू नका, दाट आणि लुसलुशीत पीक भुंग्याला मानवते. जिथे भुंग्याचा जोर दरवर्षी असतो तिथे सोयाबीनमध्ये ज्वारी किंवा मका आंतरपीक घेऊ नका, तूर घ्या. रुंद सरी-वरंब्यावर पेरले तर पाणी निघून जाते आणि चालायला वाट राहते.

दुसरी अडचण, "शेजारी मारतो, मी मारले नाही तर त्याचा भुंगा माझ्याकडे येईल." शेजाऱ्याच्या भीतीने आपण फवारतो आणि आपल्या भीतीने तो. दोघांची भीती विकून तिसरा जगतो. दोघांनी मिळून दोन्ही शेतांतली ओळ मोजावी, दहा मिनिटांचे काम आहे.

तिसरी, पाणी. एकरी सहा-सात पंपांत फवारा उरकायचा आणि औषध चालले नाही म्हणायचे. पाठीवरच्या साध्या पंपाने हेक्टरी ५०० लिटर, म्हणजे एकरी २०० लिटर पाणी लागते. देठ पानांच्या आड असतो, तिथवर थेंब पोचला नाही तर भुंग्याला काय होणार? पाणी लांबून आणावे लागते म्हणून हात आखडतो हे समजते. पण औषध तेवढेच आणि पाणी निम्मे, यात औषधाचे पैसे पूर्ण जातात आणि काम निम्मेही होत नाही.

आपल्या भागाला ही पाहणी नवी नाही. करडई हे परभणीचे जुने गळिताचे पीक. करडईवरचा मावा आधी बांधाच्या कडेच्या झाडांवर दिसतो, हे जुन्या जाणत्यांना ठाऊक होते. कडेची रांग पाहायची, तिथेच पट्टा मारायचा, सगळे शेत भिजवायचे नाही. पेरणी लांबली की मावा वाढतो, हेही माहीत होते. सोयाबीन आले, पैसा आला, आणि पाहण्याचे काम आपण डब्यावर सोपवले.

आणि जगात तरी काय चालते? कॅनडात हजारो एकरांवर कॅनोला नावाची मोहरीच्या कुळातली गळिताची पेर असते. तिच्या शेंगेत सोंडकिडा अंडी घालतो. अळी शेंगेत शिरली की तिथेही फवारा चालत नाही. म्हणून तिथला शेतकरी पीक १० ते २० टक्के फुलावर आले की जाळी घेऊन शेतात उतरतो. जाळीच्या दहा फेऱ्यांत २५ ते ४० सोंडकिडे सापडले तरच औषध, नाहीतर नाही. ज्याच्याजवळ हजार एकर आणि विमानाने फवारायची ऐपत आहे, तो मोजल्याशिवाय मारत नाही. दोन एकरवाल्याने न मोजता मारावे, ही चैन आपल्याला परवडते का?

हा भावाचाच प्रश्न आहे

समजा एका फवारणीला औषध आणि मजुरी धरून एकरी १,००० रुपये गेले. सोयाबीन ४,००० रुपये क्विंटलने विकले तर हे पंचवीस किलो झाले. म्हणजे दोन वायफळ फवारे म्हणजे एकरी अर्धा क्विंटल सोयाबीन. २०२४-२५ च्या हंगामात हमीभाव ४,८९२ रुपये होता आणि बाजारात त्याच्या खालीच बोली लागत होती. खरेदी केंद्रावर १२ टक्के ओलाव्याची अट, ती नोव्हेंबर २०२४ मध्ये १५ टक्क्यांवर आली तोवर गरजवंतांचा माल व्यापाऱ्याकडे गेला होता. २०२५-२६ साठी ५,३२८ रुपये जाहीर झाले. त्याच्या पाठोपाठ, मे २०२५ अखेर, कच्च्या खाद्यतेलावरचे मूळ आयात शुल्क २० टक्क्यांवरून १० टक्क्यांवर आणले गेले. एका हाताने भाव जाहीर करायचा आणि दुसऱ्या हाताने परदेशी तेलाला दार उघडायचे.

म्हणून कोणी असा अर्थ काढू नये की "शेतकऱ्याने खर्च कमी करावा, भाव मागू नये." हा उपदेश करणारे पुष्कळ आहेत आणि आम्ही त्यांच्यात नाही. भावाची लढाई चालूच राहील. पण लुटीला दोन दारे आहेत, एक माल विकताना आणि एक निविष्ठा घेताना. पुढचे दार अडवायला मोर्चा लागतो. मागचे दार बंद करायला आठवड्यातून दोनदा शेतात एक फेरी लागते.

आणि पैशापेक्षा मोठी गोष्ट. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. पंप ज्याच्या पाठीवर असतो तो बहुतेक वेळा शेताचा मालकही नसतो. रोजंदारीवर आलेला, उघड्या अंगाने, तोंडाला रुमाल बांधून फिरणारा मजूर असतो. आपण गरज नसताना मारलेला प्रत्येक फवारा त्याच्या छातीत जातो. याचा हिशोब कुठल्या वहीत मांडणार?

बैठकीपुढचा ठराव

१. क्रॉपसॅपचे आपल्या मंडळाचे आकडे आठवड्यातून दोनदा ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागावेत. आकड्यासोबत स्पष्ट लिहावे, "फवारा" किंवा "थांबा". 'थांबा' लिहिण्याची हिंमत नसेल तर सर्वेक्षणाला अर्थ नाही.

२. प्रत्येक कृषी सेवा केंद्रात सोयाबीनच्या किडींची आर्थिक नुकसानीची पातळी मोठ्या अक्षरात लावावी. पक्के बिल द्यावे. खत देताना औषध किंवा टॉनिक गळ्यात मारणाऱ्यावर कारवाई व्हावी. लेबलवर ज्या पिकाचे नाव नाही ते औषध त्या पिकासाठी विकू नये.

३. १८ मेच्या वर्धापनदिनी विद्यापीठात खरीप मेळावा भरतो, बियाण्याला रांगा लागतात. तशीच शास्त्रज्ञांची शिवारफेरी जुलैच्या शेवटच्या आठवड्यात प्रत्येक तालुक्यात व्हावी. सप्टेंबरात येऊन मोडलेली झाडे पाहण्यात कोणाचे भले नाही.

४. फवारणी करणाऱ्या मजुराला हातमोजे, चष्मा, मुखपट्टी मिळाल्याशिवाय त्याच्या पाठीवर पंप द्यायचा नाही. हा नियम आधी आपण आपल्या शेतात पाळायचा, मग सरकारकडे किट मागायचे.

५. प्रत्येक गावात पाच जणांचा गट. पेरणीच्या विसाव्या दिवसापासून दर सोमवारी आणि गुरुवारी देठांची पाहणी. गटात किमान दोन बाया असाव्यात, कारण खुरपताना मान टाकलेले पान पहिल्यांदा त्यांनाच दिसते. आकडा वहीत लिहायचा आणि तालुका बैठकीला आणायचा. सरकारचा आकडा आला नाही तर आपला आकडा फळ्यावर लावायचा.

पाचवे कलम उद्यापासून सुरू करायला कोणाच्या परवानगीची गरज नाही. वही घ्या, मीटरभर काठी घ्या आणि ओळीत उतरा. पुढच्या बैठकीला येताना फवारे किती मारले ते सांगालच, पण किती मारले नाहीत आणि का मारले नाहीत, ते आधी सांगा.